कर्णाचा पश्चात्ताप कुठे गेला?

उत्तरपत्रिका तपासायला बसलो की एक शब्द आम्हाला दरवर्षी हमखास भेटतो : 'शापित'. प्रश्न पौराणिक कादंबरीवर असो, शोकात्म नायकावर असो, की 'तुम्हाला भावलेली व्यक्तिरेखा' असा ढोबळ असो, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याच्या उत्तरात कर्ण येतो आणि कर्णाच्या पाठोपाठ हा शब्द येतो. जन्माने शापित, विद्येने शापित, रणात शापित. उत्तर नीटनेटके असते, अक्षर बरे असते, आम्ही गुण देतो. आम्हीच शिकवलेले असते, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची? पण वीसएक वर्षे हा विषय शिकवल्यावर आता जाहीरपणे सांगण्याची वेळ आली आहे, की या एका शब्दाने आपण महाभारतातल्या सर्वांत अवघड माणसाला सर्वांत सोपा करून टाकले आहे. आणि हा सोपेपणा केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही.

आधी मूळ ग्रंथात काय आहे ते पाहू. कर्ण हा आजच्या भाषेत सुपरहिरो आहे. देवाचा पुत्र, अंगावर जन्मतःच कवच आणि कानांत कुंडले, म्हणजे शरीरच अभेद्य. अशा नायकाची कसोटी बाहेरून लावता येत नाही. बाण त्याला लागतच नाहीत. त्याची कसोटी लागायची तर ती आतूनच लागली पाहिजे, आणि व्यासांनी ती उद्योगपर्वात लावली आहे. शिष्टाई फसल्यावर हस्तिनापुरातून निघताना कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो, त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो. अधिरथ आणि राधेचे प्रेम, तेरा वर्षे दुर्योधनाच्या आधाराने भोगलेले वैभव, दिलेला शब्द ही कारणे आपण वर्गात सांगतो. पण त्याच बोलण्यात कर्ण आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती आपण फारशी सांगत नाही. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना आपण जे कडवट बोललो त्या कृत्याने आपण आज पोळतो आहोत, अशी कबुली तो कृष्णापाशी देतो.

ही कबुली विलक्षण आहे. ती कोणी मागितलेली नाही. कृष्णाने त्या क्षणी आरोप केलेला नाही, उलट आमिष दाखवले आहे. तरीही कर्णाच्या तोंडून हे बाहेर पडते. आणि ते बाहेर पडल्यावरही तो कौरवांच्याच बाजूने लढायला जातो. निर्धार आणि अपराधभाव समोरासमोर येतात, अपराधभाव खरा असतो, निर्धारही खरा असतो, आणि जिंकतो तो निर्धार. आपण चुकलो हे ठाऊक असलेला माणूस त्याच चुकीच्या बाजूने मरायला निघतो. शोकात्मिका म्हणतात ती याला. शाप, गाय, ब्राह्मण, रुतलेले चाक हा सारा नंतरचा सरंजाम आहे.

कोणत्या कृत्याबद्दल हा पश्चात्ताप, हेही स्पष्टच पाहायला हवे. सभापर्वात द्रौपदी सभेला एक प्रश्न विचारते. तो कायद्याचा प्रश्न आहे : स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? वडीलधारे गप्प बसतात किंवा घोळ घालतात. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूने उभा राहतो. त्या विकर्णाला दटावून गप्प बसवणारा कर्ण आहे. पाच पतींच्या स्त्रीला काय म्हणावे याबद्दल जो शब्द उच्चारला जातो, तो कर्णाच्या तोंडी आहे. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रे उतरवून घे, असे दुःशासनाला सांगणाराही तोच. म्हणजे अपराध मोठा आहे आणि सिद्ध आहे. इथे आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट नोंदवायला हवी : कृष्णापाशी कबुली देताना कर्ण पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा उल्लेख करतो. द्रौपदीचे नाव त्या वाक्यात नाही. व्यासांचा कर्ण पश्चात्ताप करतानाही अपुराच राहतो. असा अपुरा पश्चात्ताप ज्याला रंगवता येतो तो कवी किती मोठा असेल, हे विद्यार्थ्यांना सांगायचे सोडून आपण त्यांच्या हातात 'शापित' हे लेबल दिले.

हे लेबल आले कुठून? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्यात 1966 साली पूर्ण झाली. सुकथणकरांसारख्या विद्वानांनी शेकडो हस्तलिखिते ताडून कोणता श्लोक जुना आणि कोणता मागाहून आलेला याचा निवाडा केला. पुढच्याच वर्षी, 1967 साली, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली. आणि 1973 मध्ये रणजित देसाईंची 'राधेय'. पन्नासहून अधिक वर्षे मराठी घरांत कर्ण पोचला तो या दोन कादंबऱ्यांतून. चिकित्सक आवृत्ती ग्रंथालयाच्या काचेआड राहिली.

एकच उदाहरण देतो. सूतपुत्राला वरणार नाही असे म्हणून द्रौपदीने भर स्वयंवरात कर्णाचा अपमान केला, हा प्रसंग मराठी वाचकाला तोंडपाठ असतो. द्यूतसभेतल्या कर्णाच्या वागण्याचे समर्थन करताना विद्यार्थी प्रथम तोच सांगतात : तिने अपमान केला, त्याने सूड घेतला. चिकित्सक आवृत्तीने हा प्रसंग मुख्य पाठातून काढून तळटीपेत टाकला आहे, कारण तो मोजक्याच हस्तलिखितांत सापडतो. ज्या खांबावर आपण कर्णाचे सारे समर्थन उभे केले, तो खांब मूळ इमारतीत असल्याचा पुरावा नाही.

आमचा रोख सावंतांवर आहे असे कोणी समजू नये. कादंबरीकाराला पाठनिश्चितीचे बंधन नसते. सहा व्यक्तिरेखांची आत्मनिवेदने गुंफून एवढा मोठा पट पेलणे सोपे नव्हते, आणि ज्या पिढीने हातात कधी कादंबरी धरली नव्हती तिला या पुस्तकाने वाचायला लावले. आमच्यापैकी दोघांनी ती शाळेत असताना कंदिलाच्या उजेडात वाचली आहे आणि रडलोही आहोत. पण मांडणीचा परिणाम तर पाहायला हवा. द्यूतसभेपर्यंत पोचेतो वाचकाच्या मनात कर्णाच्या अपमानांची एवढी रास साचलेली असते की अपराध घडतो तेव्हा तो अपराध वाटतच नाही. फेडलेले देणे वाटते. अपराध नाही म्हटल्यावर पश्चात्तापाला जागा राहत नाही, आणि पश्चात्ताप नसला की निर्धाराची कसोटीही उरत नाही. उरतो तो दैवाने गांजलेला एक थोर माणूस. त्याच्यासाठी रडता येते. त्याला प्रश्न विचारता येत नाही.

याच्या उलट टोकाचे वाचनही मराठीत झाले. दाजी पणशीकरांनी 'कर्ण खरा कोण होता?' हा प्रश्न पुस्तकाच्या नावातच विचारला आणि कर्णाचे उदात्तीकरण खोडून काढले. त्या पुस्तकाची गरज होती. पण कर्णाला खलनायक ठरवूनही हाती तेच लागते, कारण खलनायकालाही पश्चात्ताप नसतो. पूजा करणारे आणि झोडपणारे असे दोन्ही पक्ष उद्योगपर्वातल्या त्या कबुलीपाशी फारसे थांबले नाहीत. थांबल्या त्या इरावती कर्वे. 'युगान्त'मधल्या 'मी कोण?' या लेखात त्यांनी कर्णाला ना माफ केले ना फासावर चढवले. त्याच्या प्रत्येक कृतीचा हिशेब मागितला. 'युगान्त'ही 1967 चेच. एकाच वर्षी मराठीला दोन कर्ण मिळाले आणि आपण त्यातला रडवणारा निवडला.

आता एका गंभीर आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. आमच्याच विभागातले एक तरुण सहकारी म्हणतात, तुम्ही उच्चवर्णीय न्यायबुद्धीने बोलता. सूतपुत्र म्हणून ज्याला आयुष्यभर हिणवले, त्याच्याकडून सभ्यतेची अपेक्षा कसली? कर्ण हा उपेक्षितांचा नायक आहे आणि त्याच्यावर अपराध लादणे म्हणजे पुन्हा त्याची जात काढणे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि आम्ही ते उडवून लावत नाही. रंगभूमीवर कुळ विचारून कर्णाचे तोंड बंद केले जाते, तो प्रसंग कोणत्याही जातिग्रस्त समाजाला आरसा दाखवणारा आहे. पण आमचा प्रश्न असा : ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातून अन्याय घडूच शकत नाही, असे मानणे हा त्याचा सन्मान आहे काय? माणूस म्हणून त्याचा पहिला हक्क आपल्या कृत्याचा कर्ता असण्याचा आहे. तो काढून घेतला की तो केवळ परिस्थितीचा परिणाम ठरतो. शिवाय त्या सभेत सर्वांत उपेक्षित कोण होते? केसांना धरून ओढत आणलेली, एकवस्त्रा, रजस्वला, आणि जिच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नव्हते ती स्त्री. उपेक्षिताचा नायक त्या क्षणी उपेक्षितेच्या विरुद्ध उभा होता. हे जो वाचक पाहतो, तोच कर्णाला गंभीरपणे घेतो.

गंमत अशी, की आमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट दुसऱ्या दाराने आधीच समजलेली आहे. मोबाइलवर ते स्पायडर-मॅनचे चित्रपट पाहतात. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी 1962 साली जन्माला घातलेल्या या नायकाच्या मुळाशी एक चूक आहे. अंगी नवी शक्ती आलेला पीटर पार्कर पळणाऱ्या चोराला अडवू शकत असूनही 'माझे काय जाते' म्हणून जाऊ देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा खून करतो. शाप नाही, दैव नाही. चूक त्याची स्वतःची आहे आणि ती भरून येणारी नाही. पुढचा त्याचा प्रत्येक निर्धार त्या चुकीशी भांडत उभा राहतो. वर्गात आम्ही हे उदाहरण दिले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, मग कर्णाची गोष्ट याच्यापेक्षा मोठी आहे. याने चूक सुधारली. कर्णाला चूक कळली, पण सुधारता आली नाही." एका वाक्यात तिने आमची चार व्याख्याने निकालात काढली. मात्र सुपरहिरोच्या या धंद्यातही एक लबाडी शिरली आहे. हल्लीच्या अशा चित्रपटांत अपराधभाव हा नायकाचा दागिना झाला आहे : दर भागात तो एकदा काळोखात बसून जुन्या अपयशाची आठवण काढतो आणि मग पुन्हा पहिल्यासारखाच लढायला जातो. अपराधभावाने निर्धारात काहीही बदलत नसेल, तर तो कसोटी उरत नाही. नायकाच्या चेहऱ्यावर पडणारा तो प्रकाशझोत ठरतो.

हे सारे आम्ही यवतमाळात बसून लिहितो आहोत, आणि इथे 'शापित' हा शब्द फक्त उत्तरपत्रिकेत नसतो. भाषणांत, बातम्यांत, कवितांत, अगदी श्रद्धांजलीच्या फलकांवर या जिल्ह्याला तो चिकटवला जातो. चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ते गावचे सरपंच राहिले होते, संगीताचे जाणकार होते. महाराष्ट्राने जाहीरपणे नोंद घेतलेली ती पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. तेव्हापासून या विषयावर मराठीत कविसंमेलने झाली, विशेषांक निघाले, आणि त्यांतल्या पुष्कळ कवितांत शेतकरी हा कर्ण झाला : धरणीने चाक गिळलेला, शापाने घेरलेला. आम्हीही अशा कवितांना दाद दिली आहे. पण या रूपकाने कोणाचे काम सोपे केले? शापाला जबाबदार माणूस नसतो. शापाची चौकशी होत नाही. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींची योजना जाहीर झाली. ती कशी राबवली गेली याचा हिशेब मागण्याच्या वेळी आम्ही साहित्याचे लोक दैवाच्या प्रतिमा घडवण्यात गुंतलो होतो.

कवचाचेच घ्या. 2017 च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेव्हा चर्चेत एक उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू आले : फवारणाऱ्याने हातमोजे घातले नव्हते, तोंडाला काही बांधले नव्हते. म्हणजे कवच नव्हते हा त्याचाच दोष. ज्याला कवच कधी मिळालेच नाही त्याला दोषी ठरवायचे, आणि ज्यांनी विष विकले, ज्यांनी देखरेख करायची होती, त्यांच्या बाबतीत मात्र 'परिस्थिती' म्हणायचे. नायकाला दोषातून सोडवण्याची जी सवय आपण कादंबरी वाचताना लावून घेतली, तिचा फायदा इथे भलत्यांनाच मिळतो. गरिबाच्या वाट्याला अपराध येतो आणि बलवानाच्या वाट्याला शाप.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबलो तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. जानेवारी 2019 मध्ये 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. 1973 साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनानंतर सेहेचाळीस वर्षांनी हा मान गावाला मिळाला होता. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले आणि संमेलन उधळले जाण्याची भीती पुढे करून ते मागे घेतले गेले. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. अनेक लेखकांनी बहिष्कार घातला. अखेर उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी : याच जिल्ह्यातल्या, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या, 'तेरवं' या नाटकात भूमिका करणाऱ्या. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी निमंत्रण मागे घेण्याच्या प्रकाराबद्दल व्यासपीठावरूनच नापसंती व्यक्त केली.

आणि आम्ही? आमच्यापैकी काही जण मंडपात होते, काहींनी घरी बसून बहिष्कार पाळला. मंडपात असलेल्यांनी येडे यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या. घरी बसलेल्यांनी बसल्या जागी समाधान मानले. निमंत्रण मागे घेतल्याची बातमी आली त्या आठवड्यात आम्ही एकत्र बसून चार ओळींचे निषेधपत्रही काढले नाही. कारणे होती : सेवाज्येष्ठता, संस्थाचालक, 'आपल्या गावाचे संमेलन आहे' ही भावना. आज त्यातले एकही कारण मुलांसमोर उभे राहून सांगण्यासारखे वाटत नाही. आम्ही विकर्ण झालो नाही. विकर्णाला गप्प बसवणारे झालो नाही, एवढेच. सभेतल्या वडीलधाऱ्यांच्या रांगेत आमची जागा होती.

हे लिहिताना आम्हाला धोका दिसतो आहे. आमची ही कबुलीही दागिना होऊ शकते. अपराधभाव जाहीर करून मोकळे व्हायचे आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच गुण. म्हणून वर्गापुरते तरी काही ठरवले आहे आणि वाचणाऱ्या सहकाऱ्यांनी ते तपासावे. यापुढे कर्ण शिकवताना सभापर्वातली कर्णाची उक्ती आणि उद्योगपर्वातली त्याची कबुली ही दोन्ही भाषांतरासह मुलांच्या हातात आधी द्यायची, कादंबरी नंतर. स्वयंवराचा प्रसंग सांगताना तो कोणत्या पाठात आहे आणि कोणत्यात नाही, हे सांगायचे. 'मी कोण?' आणि 'मृत्युंजय' शेजारी शेजारी वाचायला लावायचे. आणि उत्तरात 'शापित' हा शब्द आला की समासात लिहायचे : शाप कोणी दिला, का दिला, आणि तो नसता तर कर्ण सभेत वेगळे बोलला असता काय?

कर्णपर्वात चाक रुतल्यावर कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो, तेव्हा कृष्ण एकेक प्रसंग काढून विचारतो, तेव्हा तुझा धर्म कुठे होता? प्रचलित पाठात कर्ण लाजेने मान खाली घालतो आणि काही बोलत नाही. आमच्या वर्गांत ही ओळ आजवर घाईने मागे पडत आली, कारण पुढे मृत्यूचे वर्णन असते आणि तास संपत आलेला असतो. यंदा त्या खाली घातलेल्या मानेपाशी एक पूर्ण तास थांबायचे आम्ही ठरवले आहे.